सहज आलो

आमच्या अणदूरकडच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील बोलावल्याशिवाय कधी येत नाहीत. आले की चपला फाटकाबाहेर काढतात, टोपी हातात घेतात आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणतात, "चुकलं आसंल सर, लेकरू हाय." मला हवी असते फक्त आधार कार्डाची झेरॉक्स.

शाळा आणि घर यांच्यातल्या विश्वासावर मी मुख्याध्यापक म्हणून दर पालक सभेत भाषण करतो. मागं वाटलं, एकदा काम नसताना कुणाच्या घरी जावं. यांच्याच घरी गेलो. मला ओट्यावर बघताच त्यांनी लेकीला पुढं ढकललं.

"माफी माग सरांची."

"कशाची?"

"ते सर सांगत्याल."

"अहो, मी सहज आलोय," मी म्हटलं. "पोरगी छान वाचते, एवढंच सांगायचं होतं."

"व्हय, व्हय," म्हणाले, आणि चहा संपेपर्यंत खऱ्या कारणाची वाट बघत बसले.

परवा ते न बोलावता फाटकात दिसले. पोरीला कुणी मारलं? खिचडीत काही निघालं? ऑफिसातून तसाच धावत गेलो आणि ते बोलायच्या आत म्हणालो, "आमचं काही चुकलं असेल तर आपसात मिटवू."

त्यांनी काखेतले हरभऱ्याचे हिरवे ढाळे माझ्या हातात दिले.

"न्हाय सर. तुमी सहज आलता, म्हनून म्या बी सहज आलो."

मी मान खाली घातली. त्यांच्या पायात चपला होत्या. अनवाणी मी होतो.