दहाव्याला हसलेला माणूस

रोह्याच्या पुढे वालाच्या शेतांमधल्या एका गावात गुणाजी राहतो. थोडं भात, थोडे वाल आणि कंपनीतली नोकरी सुटल्यापासून हाती आलेला रिकामा वेळ, एवढी त्याची इस्टेट. माणूस सरळ, पण हसण्याच्या बाबतीत बेभरवशाचा. हसू आलं की त्याला दाबता येत नाही, आणि आलं नाही तर साहेबानं विनोद केला तरी चेहरा ढिम्म. त्यापायीच आपली बढती हुकली असं तो सांगतो. खरं कारण वेगळंही असेल, ते जाऊ द्या.

खरी पंचाईत झाली ती थोरल्या भावाच्या, काळुरामच्या दहाव्याला. नदीकाठी पिंड मांडले आणि कावळा काही शिवेना. आमच्याकडे असा मोकळा वेळ दिसला की कुणीतरी माईक हातात घेतोच. एक पुढारी उठला. त्यानं काळुरामला जन्मात पाहिलेलं नव्हतं. दिवंगत मितभाषी होते, मृदुभाषी होते, त्यांच्या मुखातून कधी कुणाला वावगा शब्द गेला नाही, असं त्याचं सुरू झालं. आता काळुराम म्हणजे बैलाला, एसटीला, पावसाला आणि शेवटच्या आजारात तपासायला आलेल्या डॉक्टरलाही शिवी हासडल्याशिवाय तोंड न उघडणारा माणूस. नुकतंच मुंडण केलेला गुणाजी खदखदून हसला. पिंडाकडे उतरू लागलेला कावळा जो उडाला, तो पुन्हा फिरकलाच नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून वेळ निभावली.

गुणाजीनं कावळा उडवला, भावाचा आत्मा अडकवला, असं गावानं ठरवून टाकलं. वहिनी काशीबाई त्यावर हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पण त्या दिवसापासून तिनं दिराशी बोलणं टाकलं. दोन्ही घरांची पडवी एकच. नळ चालू राहिला तर ती म्हशीला सांगे, पाणी फुकट चाललंय गो. म्हशीला काय कळायचं ते कळो, गुणाजी उठून नळ बंद करी. आई गेल्यावर त्याला याच वहिनीनं लहानाचं मोठं केलं होतं. गावाचं बोलणं त्यानं झटकून टाकलं, पण हिचं न बोलणं त्याच्या फार जिव्हारी लागलं.

अशी तीनेक वर्षं गेल्यावर काळुरामच्या मुलीचा, समीक्षाचा फोन आला. ती नवी मुंबईत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी स्टँड-अप करते. म्हणजे ना पेटी ना तबला, माईकसमोर एकटीनं उभं राहायचं आणि तिकीट काढून आलेल्या लोकांना हसवायचं. पेणला तिचा कार्यक्रम ठरला होता. आईही येणार होती. आणि ती दहाव्याची गोष्ट सांगणार होती, काकाची हरकत नसेल तर.

चारचौघांत ते सगळं निघालं आणि वहिनी आणखी दुखावली, तर उरलीसुरली आशाही संपणार, ही गुणाजीला धास्ती. पण त्याचं कुतूहल काही गप्प बसेना. हीच गोष्ट त्यानं स्वतः टपरीवर कितीदा सांगितली होती. कुणी हसलं नव्हतं. लोक अरेरे म्हणत आणि चहा संपवत. मग ही पोर त्यात असं काय घालणार आहे? त्यानं तिला तसं विचारलंच.

"काय पण घालत नाय काका," ती म्हणाली. "तुम्ही कावळ्यापासून सुरू करता. मी पप्पांपासून करते."

त्याला ते कळलं नाही, पण सांग म्हणाला; आणि कळलं नाही म्हणूनच ती या म्हणाली नसती तरी तो गेला असता. रविवारी दुपारी पेणच्या हॉलमध्ये काशीबाईच्या शेजारचीच खुर्ची त्याच्या वाट्याला आली. ती समोर बघत बसली, तोही समोर बघत बसला.

समीक्षानं सुरुवात केली ती पप्पा एसटीची वाट कशी बघत यापासून. गाडी उशिरा आली तर शिवी, आणि वेळेवर आली तर चहा अर्धा टाकायला लागला म्हणून दुसरी शिवी. लोक हसायला लागले. गुणाजी हसायचं सोडून बघत राहिला. या लोकांनी काळुरामला कधी पाहिलं नव्हतं, पण पाच-दहा मिनिटांत तो सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. मग तिनं पुढाऱ्याचा आवाज काढला. दिवंगत मितभाषी होते, म्हणाली आणि थांबली. पुढं एक शब्द नाही. त्या थांबण्यात ज्यानं त्यानं आपापलं काय ते जुळवलं आणि हॉलमध्ये हशा फुटला. ज्या हसण्यापायी गावानं गुणाजीकडे तोंड फिरवलं होतं, तेच हसू लोक पैसे देऊन हसत होते. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ डोळे पुसत बायकोला म्हणाला, आपल्या आबांच्या दहाव्यालाही असंच भाषण ठोकलं होतं की. तेव्हा गुणाजीला उमगलं की प्रत्येक जण आपापल्या घरातल्या काळुरामला हसतो आहे.

"काका हसले आणि कावळा उडाला," समीक्षा सांगत होती. "सगळे म्हणाले, पप्पांची इच्छा राहिली. अहो, पप्पा जन्मभर अंगणात गलोल घेऊन बसले, वाळवणाला कावळा शिवू नये म्हणून. त्यांच्या पिंडाला शिवायची कुठल्या कावळ्याची छाती होणार?"

हसणं ओसरेपर्यंत ती थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "नदीवर एवढी माणसं जमली होती. त्यांनी माझ्या पप्पांबद्दल एवढं खोटं ऐकून घेतलं. पप्पांना ओळखणारं एकच माणूस निघालं, आणि ते हसलं."

टाळ्या लगेच पडल्या नाहीत. लोक काहीतरी आठवत असल्यासारखे बसून राहिले. गुणाजीनं हळूच शेजारी पाहिलं. काशीबाईनं पदर तोंडात धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. ती हसते आहे की रडते आहे, ते त्याला ओळखता येईना, आणि विचारायचं धाडसही होईना.

कार्यक्रम संपल्यावर समीक्षाभोवती गर्दी झाली. हे दोघं बाहेर पायऱ्यांपाशी उभे राहिले. काशीबाई रस्त्यावरच्या रिक्षा बघत होती.

"भावजी," ती एकदम म्हणाली. "त्या दिवशी तुमच्या आधी मला हसू आलं होतं. मी पदर कोंबला तोंडात. बायांना वाटलं रडते. तेवढ्यात तुमी हसलात, आनि सगळी तुमच्याकडं बघाया लागली."

मग इतकी वर्षं राग कसला धरलात, असं गुणाजीनं विचारलं.

"राग नाय हो," ती म्हणाली. "माझ्या वाटची बोलणी तुमी खाल्लीत. बोलाया तोंड नव्हतं मला."