बरणीतला पुठ्ठा

अकरा जूनला गिरणीने सोळा लाख बेचाळीस हजार सहाशे पन्नास मोजून वास घेणारं यंत्र विकत घेतलं, आणि त्याच दुपारी नाकोबाचं टेबल खिडकीजवळून उचलून भिंतीला लावलं गेलं.

नाकोबा हे टोपणनाव. सत्तावीस वर्षं तो त्या कागद गिरणीच्या प्रयोगशाळेत वास घेत होता. ऐकणाऱ्याला हसू येई, पण काम नेमकं होतं. तयार पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायच्या, चार थेंब पाणी शिंपडून काचेच्या बरणीत घालायच्या, झाकण घट्ट लावायचं. दुसऱ्या दिवशी झाकण बोटभर उचलून नाक लावायचं आणि शून्य ते चार यांतला एक आकडा लिहायचा. आकडा दोनच्या वर गेला, तर तो पुठ्ठा खाण्याच्या वस्तूंच्या खोक्यांना द्यायचा नाही. खाली सही नाकोबाची. या कामापायी त्याने तंबाखू, अत्तर आणि कच्चा कांदा, तिन्ही सोडले होते. “यापेक्षा साधूशी लग्न केलं असतं तर निदान पुण्य लागलं असतं,” असं त्याची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

घाण सुरू झाली ती पाण्यापासून. पूर्वी एक टन पुठ्ठ्याला पन्नास हजार लिटर पाणी लागायचं; वापरलेलं सोडून द्यायचं, नवं घ्यायचं. दोन वर्षांपूर्वी नवे नळ, नव्या गाळण्या बसल्या आणि तेच पाणी फिरून फिरून वापरात येऊ लागलं. सहा हजार लिटरमध्ये टन निघायला लागला. सुधारणा खरीच होती, नाकोबा ते नाकारत नव्हता. पण रद्दीच्या लगद्यातून सुटलेली खळ त्या कोमट पाण्यात साठत गेली, आणि झाकलेल्या अंधाऱ्या टाक्यांत तिच्यावर जंतू पोसले. टाकीच्या भिंतीला बोटभर जाडीचा बुळबुळीत थर धरला. तो खरवडायला उतरलेले कामगार वर येऊन आधी ओकायचे, मग हात धुवायचे. आंबलेल्या ओकारीचा तो वास लगद्यातून पुठ्ठ्यात उतरला. कोरड्या पुठ्ठ्यात तो दबून राही. खोक्यात जरा दमट झालं की डोकं वर काढी.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात चाळीस टनांची ऑर्डर निघाली, तान्ह्या मुलांच्या दूध पावडरीच्या खोक्यांसाठी. नाकोबाने बरणी उघडली, मान वळवली आणि चार लिहिला. यंत्राने लिहिलं शून्य.

मोठ्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

“नाकोबा, वय किती?”

“सत्तावन्न.”

“डोळ्यांना चष्मा लागतो, नाकाला काय लागतं?”

प्रयोगशाळेतले तिघे हसले. तिघांनीही बरणी हुंगली होती. दोन वर्षं त्याच हवेत बसून त्यांची नाकं मेली होती. त्यांना खरोखरच काही जाणवत नव्हतं. नाकोबा मात्र दर तासाला फाटकाबाहेर जाऊन पाच मिनिटं उभा राहायचा. ती सवय सगळ्यांनी कामचुकारपणात जमा केली होती.

“शुक्रवारपर्यंत सही करा,” साहेब म्हणाले. “नाहीतर सोमवारपासून रद्दी यार्डात बसा. तिथे नाकाची गरजच नाही.”

यार्डाची त्याला भीती नव्हती. भीती वेगळीच होती. यंत्र खरं असेल तर? नाक खरंच गेलं असेल, आणि नसलेला वास त्याला येत असेल तर? मग गेल्या वर्षभरातल्या सगळ्या सह्यांचं काय?

त्या संध्याकाळी त्याने दोन बरण्या घरी नेल्या. एकीत ऑर्डरचा पुठ्ठा, दुसरी नुसती धुतलेली. दोन्हींना बाहेरून फडकं गुंडाळलेलं.

बायकोने पहिली उघडली आणि लगेच झाकण लावलं. “ह्यात काय मेलंय?”

“दुसरी बघ.”

“हिच्यात काही नाही. आधी ती पहिली घराबाहेर ठेवा. जेवायची वेळ आहे.”

सून बाळाला खांद्यावर घेऊन आली. तिने झाकण उचललं, बाळाचं तोंड हाताने दुसरीकडे वळवलं आणि दोन पावलं मागे गेली. “बाबा, हे आहे तरी काय?”

“दूध पावडरीच्या खोक्याचा पुठ्ठा.”

सून बाळाकडे बघत राहिली. “आणि तुम्ही सही करणार?”

त्याने पहिली बरणी दाराबाहेर नेऊन ठेवली. मग पोटभर जेवला. नाक शाबूत होतं.

मग यंत्र खोटं का बोलतं? गुरुवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. यंत्र सांभाळणारे तरुण इंजिनिअर आले. रोज सकाळी यंत्राला आधी बिनवासाचा कागद दाखवावा लागे. त्यावरून ते आपलं शून्य ठरवी. इंजिनिअरनी एक पांढरी पट्टी आत सरकवली.

“साहेब, हा कागद कुठला?”

“आपलाच. काल पहाटेचा रोल.”

“त्याला वास नाही हे कोणी ठरवलं?”

“यंत्राने. काल शून्य दिलं ना त्याला.”

नाकोबाला हसावं की थुंकावं कळेना. चोराच्या साक्षीला चोरच. पण दोष एकट्या इंजिनिअरचा नव्हता. रद्दी सोडली तर गिरणीत बाहेरचा कागद आणायला बंदी होती. वह्या, पावत्या, लिफाफे, सगळं घरचंच. वर्तमानपत्रसुद्धा पहारेकऱ्याकडे ठेवून आत यावं लागे. कागदाच्या गिरणीने बाहेरून कागद आणायचा म्हणजे गवळ्याने शेजारून दूध मागायचं, असं जुने मालक म्हणत. त्यामुळे स्वच्छ वासाचा एक चतकोर तुकडाही कुंपणाच्या आत उरला नव्हता.

शुक्रवारी त्याने प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून गाळण कागदाचं पाकीट घेतलं. डब्याच्या पिशवीत ठेवलं तर त्याला भाजीचा वास लागला असता, म्हणून ते बरणीत बंद करून फाटकावर आणलं.

“बरणीत काय?” पहारेकरी.

“औषध गाळायचंय.”

“नाकाचं?”

“हो, नाकाचंच.”

इंजिनिअरनी आधी टाळाटाळ केली, मग एक चकती आत सरकवली. यंत्राने नवं शून्य धरलं. त्यानंतर ऑर्डरची पट्टी गेली. आकडा आला तीन पूर्णांक सात. त्यांनी पट्टी बदलली. तीन पूर्णांक आठ.

“मामा, हे बाहेर बोलू नका.”

“मी आठवडाभर लिहून देतोय, साहेब. आता बोलायचं काय राहिलंय?”

मोठे साहेब आले. त्यांनी आकडा वाचला. शेजारीच बरणी होती, ती उघडून बघावी असं त्यांना वाटलं नाही.

“बुटांच्या खोक्यांना चालेल,” ते म्हणाले. “दूधवाल्यांना कळवा, माल उशिरा मिळेल.”

“आणि पाणी?” नाकोबाने विचारलं. “टाक्या तशाच राहिल्या तर पुढचाही असाच निघेल.”

“पाण्याला हात लावायचा नाही. त्या पाण्यावर आपल्याला बक्षीस मिळालंय.”

शनिवारी सूचना फलकावर कागद लागला. नव्या यंत्रामुळे दोष वेळीच लक्षात आला आणि संस्थेचं नाव राखलं गेलं, असा मजकूर होता. नाकोबा वाचायला जवळ गेला. सूचनेच्या कागदालाही तोच वास होता. त्याने तोंड फिरवलं आणि फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला.

सही त्याने केली नाही. यार्डाचं कोणी पुन्हा काढलं नाही, आणि टेबल भिंतीलाच राहिलं. गाळण कागदाचं व्हाउचर त्याने सोमवारी दिलं. कागद खरेदीचं खातंच या गिरणीत नाही, असा शेरा मारून हिशेब विभागाने ते परत पाठवलं. गिरणीकडून नाकोबाला एकशे पंच्याऐंशी येणं आहे.