चाबी मले देऊन जा

खुर्चीत बसण्याआधी उस्ताद टेबलाभोवती फेरी मारायचे. टेबल भिंतीला लागून होतं, त्यामुळे फेरी कधी पुरी व्हायची नाही. भिंतीपर्यंत जायचे आणि आल्या वाटेनं परत फिरायचे. वाकून खालच्या वायरी बघायच्या, गमछानं पडदा पुसायचा, मग टेबलाच्या कडेला घट्ट बसवलेल्या त्या प्लास्टिकच्या स्टेअरिंगला हात लावून तो हात कपाळाला लावायचा. एवढं झाल्यावर बसायचे आणि कोणी विचारलेलं नसताना म्हणायचे, "गाडी आपली असंल तं झोप लागते."

गाडी म्हणजे कॉम्प्युटरवरचा लॉरीचा खेळ. पण तो त्यांच्यापर्यंत कसा आला ते आधी सांगायला हवं.

आदिलाबादला माझं पंखे, वायरी, इन्व्हर्टर विकायचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या गल्लीत उस्तादांचं घर. उभा जन्म त्यांनी लॉरी चालवली. इथून कापसाच्या गाठी भरायच्या, निर्मलचा घाट उतरायचा, हैदराबादला माल टाकायचा, येताना मिळेल ते भाडं घेऊन पैनगंगेपलीकडे नागपुरापर्यंत जायचं. बरीच वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर, मग स्वतःच्या. त्या लॉरीचं मॉडेल कंपनीनं केव्हाच बंद केलं होतं. उस्ताद भंगारबाजारातून पार्ट हुडकून आणायचे आणि गाडी पळायची. ते याचा मोठा अभिमान बाळगून होते.

मग एका डोळ्याची नजर गेली. साखरेचा आजार. डॉक्टरांनी गाडी सोडा म्हणायच्या आधीच त्यांनी सोडली. रस्त्यावर लोकांची लेकरं असतात, असं म्हणाले आणि लॉरी मुधोळच्या एका माणसाला विकून टाकली. पुढं ती लॉरी कापसाच्या हंगामात आमच्या मार्केटात यायची. उस्ताद तिच्याजवळ जाऊन उभे राहायचे, नव्या ड्रायव्हरची विचारपूस करायचे, पण दरवाज्याला हात लावायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, उस्ताद, चढून बसा की जरा. तर म्हणाले, "विकली ना. आता त्याची हाय."

त्यानंतर ते ओट्यावर बसून राहू लागले. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, कामावरून उतरली की बोलण्यातूनही उतरतात. त्यांची बायको, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, एकदा बल्ब न्यायला आली आणि बल्ब हातात धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, "माणूस घरात हाय बापू, पण घरात नाई."

त्यांची एकुलती मुलगी मंचेरियलला शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत ती कॉम्प्युटर, स्टेअरिंग आणि हा खेळ घेऊन आली. प्लगचा बोर्ड बसवून द्यायला मी गेलो होतो. उस्ताद आधी तोंड फिरवून बसले. लेकरांचा खेळ आहे म्हणाले. मुलीनं काही समजावलं नाही. ती स्वतःच चालवायला बसली आणि पहिल्याच वळणावर लॉरी खड्ड्यात घातली. उस्तादांना ते बघवेना. "हट तिकडं," म्हणत ते खुर्चीत बसले. मी बोर्ड बसवून, चहा पिऊन, दुकान बंद करून घरी जाताना डोकावलो तेव्हाही ते खुर्चीतच होते.

खेळातले रस्ते परदेशातले. बर्फ पडायचा, बाजूला लालचुटुक कौलांची घरं दिसायची. उस्तादांना त्या गावांची नावं वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी आपली नावं देऊन टाकली. एक चढ निर्मलचा घाट झाला. एक नदी गोदावरी झाली, आणि तिचा पूल आला की वेग कमी करून ते बासरच्या सरस्वतीच्या देवळाच्या दिशेनं, म्हणजे खोलीतल्या मावशीच्या कपाटाच्या दिशेनं, मान झुकवायचे. समोरून कोणी डिपर न देता आला की त्याला हिंदीत सुनावायचे. टोलनाका आला की हात आपोआप खिशाकडे जायचा. दूरचा पल्ला असला की मधेच गाडी कडेला लावून उठायचे, हातपाय धुवायचे आणि मावशीला म्हणायचे, चहा टाक, इंजिन गार होऊ दे. मावशी कुरकुरायची, पण चहा टाकायची. तिचा माणूस घरात परतला होता, आणि ते तिच्या चालण्यावरूनही कळत होतं.

त्या रस्त्यावर इतर लोकांच्या लॉऱ्याही दिसायच्या. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं आपापल्या घरी बसून चालवत असायची. उस्ताद सगळ्यांना हॉर्न देऊन जायचे.

दोन-तीन वर्षं अशी गेली. मग एका दुपारी मावशी मला बोलवायला आली. पडद्यावर इंग्रजीत काही आलं होतं. मी वाचलं आणि मला ते मोठ्यानं सांगवेना. कंपनी हा खेळ बंद करणार होती. एक तारीख दिली होती, त्यानंतर तो कोणाच्याच घरी सुरू होणार नव्हता.

मुलीला फोन लावला. तिनं नीट समजावलं. खेळ उघडला की दर वेळी तो कंपनीच्या मशीनला विचारतो, तिकडून हो आलं तरच कुलूप उघडतं. ती मशीनच बंद होणार. घेताना बारीक अक्षरांत एक करारही होता, खेळ तुमचा नाही, फक्त वापरायची परवानगी तुमची. सगळेच न वाचता मान्य करतात, तिनंही केला होता.

उस्तादांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, घेताना बटणावर काय लिहिलं होतं. ती म्हणाली, विकत घ्या.

"मंग भाड्यानं घ्या असं काऊन नाई लिवलं? भाड्याची गाडी मी चालवली ना इतके वर्षं. भाड्याची हाय म्हणून चालवली."

मी दुकानदार माणूस, मला कंपनीची बाजूही दिसत होती. मी म्हटलं, उस्ताद, ती मशीन चालवायला खर्च येतो, खेळणारे कमी झाले असतील, तोट्यात कोण किती दिवस दुकान चालवणार? ते माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"दुकान बंद कर ना. तुले कोण अडवून राह्यलं? पण तू दुकान बंद केलं म्हणून माह्या घरचा पंखा काढून नेशील का?"

  मग तेच पुढं म्हणाले, "खर्च त्यायचा होते, हे बराबर हाय. मंग चाबी मले देऊन जा म्हना. मी माह्या घरी, माह्या करंटवर चालवतो. त्यायले काई मांगत नाई."

हे सगळं त्यांच्याकडून परत एकदा बोलवून घेऊन मी फोनवर रेकॉर्ड केलं आणि मुलीला पाठवलं. ती म्हणाली, हा खेळ खेळणारे लोक इंटरनेटवर एका ठिकाणी जमून कंपनीशी भांडत आहेत. तिनं बाबांचं बोलणं इंग्रजीत करून तिथं टाकलं, पंख्यासकट. बऱ्याच जणांनी उत्तरं दिली. कोणी म्हातारा स्वतःच्या ट्रकचा फोटो टाकून गेला. उस्तादांना ती उत्तरं वाचून दाखवली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, हे सगळे ड्रायव्हर हायत का?

पण तारीख जवळ येत होती आणि कंपनी गप्प होती. उस्तादांनी चालवणं कमी केलं. मी विचारलं तर म्हणाले, जाणाऱ्या गाडीला जीव लावून काय करू. संध्याकाळी ते परत ओट्यावर दिसू लागले. मावशी बल्ब न्यायला येईल अशी मला उगाच भीती वाटायची.

शेवटचा आठवडा उरला असताना मुलीचा फोन आला. कंपनीनं ऐकलं होतं. खेळाचा एक नवा भाग ते देणार होते. तो कॉम्प्युटरवर उतरवून घेतला की खेळ इंटरनेटशिवाय, घरच्या घरी, कायम चालणार होता. फक्त तो तारखेच्या आत उतरवून घ्यायचा. उस्तादांच्या पंख्यामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. हजारो लोक बोलले असतील, त्यांत एक आवाज आमच्या गल्लीतला होता.

मुलगी रजा काढून आली. फाईल फार मोठी, आमच्याकडचं इंटरनेट मुंगीच्या पावलाचं, आणि त्यात करंट गेला. परत आला तेव्हा सगळं पहिल्यापासून. दुसऱ्यांदाही तसंच. उस्ताद दारात उभे राहून खांबावरच्या तारांकडे बघत होते. तेव्हा मी दुकानातला नवा इन्व्हर्टर आणि बॅटरी हातगाडीवर घालून आणली आणि जोडून दिली. त्यानंतर करंट पुन्हा गेला, पण फाईल चालू राहिली. मावशीनं देवापुढं दिवा लावला तो बॅटरीपासून जरा लांबच.

तारीख उलटली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं कॉम्प्युटरपुढं जमलो. मुलीनं इंटरनेटचा डबा बंद केला, वायरही काढून बाजूला ठेवली. उस्तादांनी खेळ उघडला. पडदा काळा झाला आणि तसाच राहिला. मावशीनं माझ्या शर्टाची बाही धरली होती, हे मला नंतर कळलं.

मग इंजिनाची घरघर आली. बर्फ आला, कौलं आली, रस्ता आला.

उस्तादांनी एकदम चालवायला घेतलं नाही. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. चांगल्या डोळ्यातून पाणी येत होतं, त्यांनी ते गमछानं टिपलं आणि मुलीला म्हणाले, "आता हे आपलं हाय ना?" ती हो म्हणाली. मी तिथंच पायरीवर बसलो. इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या लोकांच्या लॉऱ्या मात्र गेल्या. रस्त्यावर आता खेळातल्याच गाड्या उरल्या. उस्ताद त्यांनाही हॉर्न द्यायचे, पण एकदा मला म्हणाले की ते लोक कुठं गेले असतील, कोणाकोणाला चाबी मिळाली असेल कोण जाणे.

गेल्या हिवाळ्यात मुलीनं दोघांना मंचेरियलला नेलं. सामान टेंपोत गेलं, पण कॉम्प्युटर उस्तादांनी टेंपोवाल्याच्या हवाली केला नाही. मावशीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला आणि बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसले. गल्लीतले आम्ही बसस्टँडपर्यंत गेलो होतो. बस हलली तशी मावशीनं खिडकीतून हात बाहेर काढला, डोळ्यांना पदर लावला. आम्ही उस्तादांनाही हाका मारत होतो, हात हलवत होतो. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. बस फाटकातून बाहेर वळत होती, आणि ते मान उंच करून ड्रायव्हरच्या खांद्यावरून डावीकडून काही येतंय का ते बघत होते.