बाबांचा पिन

मी नाशिकच्या एका पतसंस्थेत संगणक विभाग सांभाळते. आमच्याकडे पासवर्ड म्हणजे दुपारचा डबा, सगळ्यांनी वाटून घ्यायचा. कोणी रजेवर असलं की त्याचा पासवर्ड हॉलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ओरडून सांगतात. काही बोललं तर ‘आपल्यात कोण परकं आहे?’ हे वर ऐकायचं. सांगून सांगून मी थकले.

माझं म्हणणं मनावर घेतलं ते फक्त माझ्या बाबांनी. सुरगाण्याकडच्या शाळांत जन्मभर शिकवून ते माझ्याकडे राहायला आले, तेव्हा मी त्यांना फोन घेऊन दिला. पिन कोणालाही सांगायचा नाही, असं बजावलं. चुकीचा पिन फार वेळा टाकला तर फोनमधलं सगळं पुसलं जाईल, ही सोयही करून दिली. पुढे एकदा गंमत म्हणून म्हटलं, “मला तरी सांगा.”

“तूच बोलली ना, कोणालाच सांगायचा नाय!” बाबा म्हणाले आणि खुशीत हसले.

दवाखान्यात नेताना ते म्हणाले, “फोनमधी तुझ्यासाठी बोलून ठेवलंय. सवडीनं ऐक.” ते घरी परत आले नाहीत. मी वाढदिवस टाकून पाहिले, स्कूटरचा नंबर टाकला, नोकरीला लागल्याचं साल टाकलं. आता एकच प्रयत्न उरला आहे.

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात संगणक सुरक्षेची परिषद भरली, तिथे मी गेले ती त्यासाठीच. एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती कुलूपबंद करण्याची विद्या. त्यात सुरुवातीच्या काळात मोठं काम केलेले एक वयस्कर मराठी प्राध्यापक येणार होते. भाषणातलं मला फारसं आठवत नाही. माझा हात सारखा पर्समधल्या फोनवर होता.

सत्कारात मिळालेला नारळ घेऊन प्राध्यापक जेवणाच्या रांगेत अवघडून उभे होते. मी त्यांचा नारळ धरला आणि बाबांचा फोन त्यांच्या हातात दिला. काय झालं ते सांगितलं.

“मला नाही उघडता येणार,” ते म्हणाले. “कोणालाच येऊ नये, म्हणून तर आम्ही एवढी वर्षं खपलो.”

मला त्यांचा भयंकर राग आला. एवढी विद्या काय कामाची, मुलीला बापाचा आवाज ऐकता येत नसेल तर? तसं मी तोंडावर म्हणालेही. मागचे लोक बघायला लागले.

ते चिडले नाहीत. “पिन कोणाला सांगू नका, हे त्यांना कोणी शिकवलं?”

“मी.”

“माझ्या घरात माझं कोणी ऐकत नाही हो. तुमच्या वडिलांनी तुमचं ऐकलं.”

मी नारळ त्यांना परत दिला, फोन घेतला आणि न जेवताच निघाले. डोक्यातला राग घरी पोचेपर्यंत उतरला नव्हता.

सोमवारी ऑफिसात नेहमीसारखी पलीकडच्या टेबलावरून हाक आली, “ताई, तुमचा पासवर्ड सांगा ना!”

“कोणालाच सांगायचा नाय,” मी म्हणाले.

सगळे हसले. मी ‘नाय’ कधीच म्हणत नाही. आवाज माझा होता, पण बोलणं हुबेहूब बाबांचं होतं, आणि मग मला भर हॉलमध्ये रडू आवरेना.