ताटाची डावी बाजू

"आज कोशिंबीर केली नाहीस?" दादाने वहिनीला विचारलं. कोशिंबीर त्याच्याच ताटात, डाव्या बाजूला होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो उजवीकडचं तेवढंच जेवतो. वहिनीने ताट फिरवलं.

डोळे चांगले आहेत, असं डॉक्टर म्हणाले होते. पण डावीकडचं भान ठेवणाऱ्या मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली आहे. तेव्हापासून मला धास्ती वाटते. मला दिसणारं जगही असंच अर्धं असेल, तर ते मला कसं कळणार?

जेवण झाल्यावर वहिनी दादाचा डावा हात हातात घेऊन बसली.

"तुझी वहिनी कुठे गेली रे?" त्याने मला विचारलं.

"अहो, इथेच आहे," ती म्हणाली.

आवाज ऐकून दादाने उजवीकडे, रिकाम्या दाराकडे पाहिलं आणि तो समाधानाने हसला.