एका गुणाचा अंमल

प्रश्न एका गुणाचा होता. ‘बंगालवर इंग्रजांचा अंमल बसला म्हणजे काय झाले?’ आठवीला साम्राज्यवादाचं प्रकरण संपलं की चाचणीत मी तो दरवर्षी घालते, कारण तपासायला सोपा. ‘सत्ता आली’ दिसलं की बरोबरची खूण, पुढचा पेपर. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘इंग्रजांनी लोकांना नशा लावली.’ मी शून्य दिलं आणि हसले.

माझ्या डायरीत याद्या असतात. दिवसाच्या कामांची, राहिलेल्या पाठांची, तासाला कोण किती वेळा बोललं त्याची. शेवटच्या पानावर ‘गमतीची उत्तरं’. मुखेडच्या आमच्या शाळेत इतिहास शेवटच्या तासाला येतो, तोवर मुलं पेंगुळलेली असतात. त्यांना जागं करायला मी त्या पानावरचं एखादं उत्तर वाचते, नाव न घेता. त्या दिवशी हे वाचलं.

“मॅडम, इंग्रज हातभट्टी लावत व्हते का?” मागच्या बाकावरून वर्गातला सगळ्यात वाचाळ मुलगा ओरडला, आणि सगळे खदखदले. नाव मी घेतलं नव्हतं. पण शेजारणीनं तिच्याकडं पाहिलं आणि कळायचं ते सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी ती दारात दिसताच त्या मुलानं हाळी दिली, “आली रे अंमली!” मी त्याला दटावलं. तेवढ्यानं काम झालं असं मला वाटलं.

ही मुलगी रोज एसटीनं खेड्यातून येणारी. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर. आठवड्यानं यादी पाहिली तर तिच्या नावापुढं एकही खूण नव्हती. मधल्या सुट्टीत तिला नळापाशी गाठलं.

“हल्ली हात वर करत नाहीस गं?”

“इतिहास मला जमत न्हाई, मॅडम.”

“कोण म्हणतं?”

ती बाटली भरत राहिली. मग म्हणाली, “आमचा आजा तंबाखू खातो आन् म्हणतो, आता अंमल आला, घडीभर मला उठवू नका. मला तेवढाच अंमल ठाऊक. तेच लिवलं. आता न्हाई लिवत काही.”

शेवटचं वाक्य मला लागलं. स्टाफरूममध्ये जाऊन कपाटातला जाडा शब्दकोश काढला. अंमल: सत्ता, अधिकार, कारकीर्द. त्याच्याच खाली: कैफ, गुंगी. एकच शब्द! ‘अंमली पदार्थ टाळा’चा तक्ता व्हरांड्यात मी स्वतः चिकटवलेला आणि इंग्रजांचा अंमल तर इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले. दोन्ही कधी शेजारी ठेवून पाहिले नाहीत. पाठोपाठ इंग्रजांचा अफूचा व्यापार आठवला आणि मला खुर्चीवर बसवेना.

दुसऱ्या दिवशीच्या टाचणावर काट मारली. टाचणावर काट, मी! नवी यादी केली: चहाची पुडी, काळा गूळ, रद्दी पेपर, नकाशा. यादीच्या वर एक ओळ: आधी माफी.

“त्या उत्तराला मी हसले, ती माझी चूक,” तास सुरू होताच मी म्हटलं आणि शब्दकोशातल्या दोन्ही ओळी वाचल्या. ती वहीत बघत होती. मग दोन बाकं समोर ओढली. एक लंडन, एक चीन. माझं टेबल म्हणजे बंगाल आणि बिहार. वाचाळ मुलाला चीनचा बादशहा केलं. तिला म्हटलं, “कंपनी तू हो.” तिनं मान हलवली, नाही. दुसरी मुलगी कंपनी झाली.

“इंग्रजांना चीनचा चहा पाहिजे. चीनला बदल्यात काय पाहिजे?”

“चांदी!”

“सगळी चांदी चीनकडं चालली. आता?”

मी कागदातला गुळाचा खडा टेबलावर ठेवला. “ही अफू. बिहारच्या शेतकऱ्याकडून पिकवून घ्यायची, भाव कंपनी ठरवणार. कोलकात्याला लिलाव, तिथून जहाजानं चीनला.”

“मॅडम, बादशहा अफू खायलाय!” पुढच्या मुली ओरडल्या.

बादशहानं तोंड पुसलं आणि बाकावर उभा राहिला. “आमच्या मुलखात अफूबंदी! बंदी म्हंजे बंदी!”

“मग इंग्रजांनी काय केलं असेल?”

“दुसरं काही तरी विकलं असंल.”

“तोफा आणल्या. लढाई केली. आणि जिंकली.”

बादशहा हळूच खाली उतरला. “हे खरंच झालं, मॅडम?”

“खरंच झालं.”

तो तिच्याकडं वळला. “म्हंजे हिचं बरोबरच व्हतं की!”

“प्रश्न बंगालचा होता. अर्धा गुण,” मी म्हटलं. सवय सुटत नाही.

आणि तिसऱ्या बाकावरून हात वर आला. सरळ, कोपर न वाकवता.

“मॅडम, आमचा आजा म्हणतो, आपल्याकडं निजामाचा अंमल व्हता, गोरा सायेब कुणी बघितलाबी न्हाई. मग निजामावर कुणाचा अंमल व्हता?”

हा प्रश्न माझ्या कुठल्याच यादीत नव्हता. तेवढ्यात घंटा झाली. एरवी घंटेआधीच दप्तरं खांद्यावर असतात. आज कुणी हललं नाही. तिची गाडी सुटायला जेमतेम पंधरा मिनिटं होती.

“चला, स्टँडपर्यंत सांगते.”

दहा-बारा मुलं माझ्याभोवती, बाजाराच्या गर्दीतून वाट काढत. हैदराबादला इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला त्यांचा प्रतिनिधी, बसायचा, मी सांगत होते. फौज इंग्रजांची, खर्च निजामाचा. दुसऱ्या राज्याशी बोलायचं तर इंग्रजांना विचारून. भाजीवाल्या बाया माना वळवून बघत होत्या. मी भलत्याच मोठ्यानं बोलत असणार.

गाडी लागलेली होती. ती आधी चढली. बादशहाही त्याच गाडीचा. दारातल्या गर्दीत अडकून तो ओरडला, “ए अंमली, जागा धर की!”

मी दटावायला तोंड उघडलं. त्याच्या आत खिडकीतून उत्तर आलं, “बादशहाला जागा न्हाई! उभं ऱ्हा!” आणि गाडी हलली तशी तिनं मान बाहेर काढली. “मॅडम, म्हंजे अंमलावर अंमल! असं लिवू का?”

“लिही!” मी ओरडले आणि खूण करायला डायरी शोधू लागले. ती वर्गात टेबलावर राहिली होती, गुळाच्या कागदाशेजारी.