खर्ज हरवलेली पेटी

नारायणराव पुन्हा पेटी घेऊन दुकानात शिरले, तेव्हा आमच्या शेटांनी पगडी काढून टेबलावर ठेवली. शेट पगडी काढत ते दोनच प्रसंगी. जेवायला बसताना, नाहीतर कोणाची खरडपट्टी काढायची असताना. जेवायची वेळ झाली नव्हती.

“तीन वार पेटी आली,” शेट मला म्हणाले, “दोन वार तू बोलला, चांगली हाय. आता पेटी ऱ्हाऊ दे, तूच जा तिच्या घरी.”

शेट पारशी, दुकान गिरगावात, आणि बिघडलेल्या हार्मोनियमच्या पोटात शिरणारा मी. पेटीच्या पोटात पितळेच्या जिभा असतात, त्यांना आम्ही रीड म्हणतो. भात्याची हवा लागली की त्या थरथरतात आणि सूर निघतो. डावीकडच्या जिभा लांब आणि जाड. त्यांचा सूर खालचा, घुमणारा. तोच खर्ज. आणि नारायणरावांची कंप्लेंट एकच होती, की दसऱ्यापासून पेटीचा खर्ज गेला.

पहिल्या खेपेला मी बाकावर पेटी ठेवून वाजवली. खर्ज असा घुमला की शेटांच्या चहाचा कप बशीत नाचला. नारायणराव गोंधळून परत गेले. दुसऱ्या खेपेला मी म्हटलं, दसरा म्हणजे पूजा, पूजा म्हणजे अक्षता. पेटी उघडली, तर खरोखरच एका खर्जाच्या रीडजवळ कुंकवाचा तांदूळ. चिमट्यात धरून तो सगळ्या दुकानाला दाखवला, एखाद्या वैद्यानं दुखरी दाढ दाखवावी तसा. टाळ्या तेवढ्या पडल्या नाहीत. भात्याचं कातडंही नवं लावून दिलं. आठवडा गेला नाही तोच नारायणराव पुन्हा हजर.

“दुकानात वाजते हो,” ते रडकुंडीला येऊन म्हणाले. “घरी गेली की गप्प. आणि आबा म्हणतात, पेटीला काही झालेलं नाही, माझे कानच गेले. गाणं सोडलंय त्यांनी. पेटी विकून टाका म्हणतात.”

आबा म्हणजे नारायणरावांचे वडील. संध्याकाळी दिवा लागला की मुलानं खर्जाचा सा धरायचा आणि आबांनी अभंग म्हणायचा, हा त्या घरातला रिवाज. म्हातारपणी आबांच्या कानांनी वरच्या पट्टीतले आवाज सोडून दिले होते. त्यांत त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचाही आवाज गेला, पण त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. उरला होता तो खर्ज. तोही गेला तर त्या माणसाकडे काय राहणार, हे मला त्या दिवशी दुकानात उभं राहून कळलं, आणि पेटी मी स्वतःच उचलली.

चाळीचा दुसरा मजला. लाकडी फळ्यांची जमीन. आबा खांबाला टेकून बसले होते, एक हात मांडीवर, एक जमिनीवर. मला बघून म्हणाले, “या. मेलेल्याला औषध द्यायला आलात?”

नारायणरावांनी नेहमीच्या जागी पेटी ठेवून सा धरला. मी भात्यापुढे हात धरला, हवा कुठे गळत नव्हती. स्टॉप, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या खुंट्या, सगळ्या बाहेर ओढलेल्या. रीड बोलत होती, पण पोकळ. आजाऱ्यानं पांघरुणातून हाक मारावी तशी.

मग मी आबांच्या शेजारी जाऊन बसलो. का, ते मलाही सांगता येणार नाही. करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, एवढंच. त्यांचा तो जमिनीवरचा हात मी पाहिला. तळवा फळीला पूर्ण चिकटलेला, डॉक्टरनं नाडी धरावी तसा. मीही हात टेकवला. फळी थंड, मुकी. आणि पेटीखाली नीट घडी घातलेली, जाड, सुरेख गोधडी.

“गोधडी कोणाची?” मी विचारलं.

“सुनेच्या माहेरची,” काकू म्हणाल्या. “दसऱ्याला तिनंच घातली. सरस्वती उघड्या फळ्यांवर कशी ठेवायची, म्हणे.”

दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. लग्न होऊन वर्षही न झालेली मुलगी. गोधडीच खर्ज गिळतेय, फळीपर्यंत पोचू देत नाही, हे खरं मी बोललो असतो, तर काकूंना पुढच्या दसऱ्यापर्यंत पुरेल एवढा विषय मिळाला असता.

म्हणून मी नाटक केलं. पेटी उलटी केली, एक स्क्रू काढला, हुं म्हटलं, आणि तोच स्क्रू परत लावला. मग विचारलं, “काकू, घरात पाट नाही का?”

“आहे की, शिसवीचा. पाहुण्यांसाठी ठेवलाय.”

“मग सरस्वती काय घरकाम करते?”

काकूंनी तोंडाला पदर लावला आणि पाट आणला. गोधडी काढली, पाट मांडला, त्यावर पेटी. नारायणरावांनी सा धरला.

फळीतून तो सूर माझ्या तळव्यात चढला. आबांची बोटं जमिनीवर पसरली. त्यांनी डोळे मिटले आणि दिवा लागायची वाटही न बघता अभंग उचलला, नेमका त्या सुरावर. पहिलं कडवं झाल्यावर म्हणाले, “नारायणा, विकू नकोस रे.”

जिन्यात सूनबाईंनी मला गाठलं. “चूक गोधडीची होती ना?”

“गोधडीची कशी? ती पेटीवर घाला, धुळीपासून राखेल. चूक होती ती त्या स्क्रूची.”

त्या हसल्या, आणि शिऱ्याची वाटी माझ्या हातात दिली. तशीच वाटी मला दर दसऱ्याला त्या घरी मिळत आली आहे, आणि आबा असेपर्यंत अभंगही मिळत असे.

दुकानात शेटांनी विचारलं, “काय निघाला?”

“पाट नव्हता,” मी म्हटलं. शेटांनी थोडा विचार केला आणि पगडी डोक्यावर ठेवली.

इतक्या वर्षांत कित्येक पेट्यांची पोटं उघडली, पण धंदा मला त्या घरानं शिकवला. हल्ली कोणी बिघडलेली पेटी घेऊन आलं, की मी आधी विचारतो, ठेवता कशावर, आणि ऐकणारा बसतो कुठे. लोकांना वाटतं, म्हातारपणाआधीच याचं डोकं फिरलं.